दुहेरी तोफेची तस्दीक

खोली भाड्यानं मागायला मी त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी आधी माझ्या चपला पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं आणि नाव विचारलं. मी नाव सांगितलं.

"तस्दीक?" ते म्हणाले.

निजामाच्या काळात ज्यांचं शिक्षण उर्दूत झालं त्यांच्या तोंडात हा शब्द असायचा. तस्दीक म्हणजे खातरजमा. पण माझ्याच नावाची खातरजमा माझ्याकडेच मागणारा माणूस मला पहिल्यांदा भेटत होता. मी औरंगाबादेत नुकताच गणिताचा व्याख्याता म्हणून लागलो होतो. खिशात प्राचार्यांची चिठ्ठी होती, ती पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे प्राचार्य कोण? त्यांना ओळखणारं कुणी आहे का?"

तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "कुठला हाय पोरगा?"

"कन्नडचा," मी दारातूनच ओरडून सांगितलं.

"अगं बाई, माझ्या माहेरचा की! येऊ द्या त्याला आत. उन्हात काय उभं केलंय?"

अशी मला खोली मिळाली. त्या दिवसापासून त्या माझ्या मावशी झाल्या आणि माझं जेवणही त्यांच्याकडेच ठरलं. घरमालकांनी मात्र कन्नडहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे माझी गुपचूप चौकशी केली होती, हे मला फार उशिरा कळलं. कंडक्टरनं माझ्याबद्दल काय सांगितलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझ्या मते चांगलं सांगितलं असावं, कारण खोली टिकली.

गल्ली त्यांना कमांडरसाहेब म्हणायची. ते नौदलातून लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त झाले होते. गल्लीला अर्धाच हुद्दा झेपला. मूळचे बिडकीनकडचे, घरची शेती, पण तरुणपणी घरात न सांगता मुंबई गाठली आणि जहाजावर चढले ते केस पिकल्यावरच उतरले. सगळी नोकरी तोफांवर. निवृत्तीनंतर सोबतचे लोक मुंबईत, नाहीतर कोकणात घरं बांधून राहिले. यांनी खडकेश्वराजवळ बांधलं. समुद्रापासून इतक्या लांब का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रोज दिसायला लागला की माणूस त्याच्यावर भरवसा ठेवायला लागतो."

हा संशय त्यांनी कुठून आणला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या सांगण्यावरून मला असं वाटतं, की पोलीस ॲक्शनच्या आगेमागे तो त्यांच्या अंगात मुरला. तेव्हा जहाजावरचे सोबती त्यांना 'निजामाचा माणूस' म्हणून चिडवायचे. पोलीस ॲक्शननंतर रजेवर घरी आले तर इथं प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून हलक्या आवाजात सांगायचा, हा तेव्हा कुणाच्या बाजूला होता ते आम्हाला ठाऊक आहे. एकाला त्यांनी विचारलं, "आणि माझ्यासारख्या जहाजावरच्या माणसाबद्दल काय बोलतात?" तो माणूस खाली बघायला लागला. तेव्हापासून, ते म्हणत, आपण कुणाचंही ऐकून घेतो, पण मानत नाही.

घरात त्याचा जाच मावशींना. दूधवाल्याचं दूध तपासलं जाई, हे एक वेळ समजू. पण पंचांगात आज एकादशी आहे असं मावशी म्हणाल्या तर ते शेजारच्यांचं पंचांग मागवून पाहत. शेजारच्यांचं पंचांगही त्याच छापखान्याचं निघालं तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूला सारून जेवायला वाढायला सांगितलं. "दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो," मावशी मला म्हणायच्या, "हे पाणी फुंकून पितात. आन् कशानं पोळलंय ते मला सांगत नाहीत."

आणखी एक गोष्ट त्यांना चालत नसे. दोन कामांची वस्तू. मी हौसेनं एक खाट आणली होती, दिवसा दुमडून बसायला होई आणि रात्री उलगडून झोपायला. ती पाहून ते कितीतरी वेळ तिच्याभोवती फिरले.

"पाहुणा बसलेला आहे आणि तुम्हाला ताप भरलाय," ते म्हणाले. "आता ही काय करते?"

गंमत अशी, की आयुष्यभर त्यांचं काम हेच होतं. दोन कामांची तोफ निवडणं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी मला ते गच्चीवर समजावलं, मावशींनी घातलेल्या कुरडयांच्या साक्षीनं. मावशी हातात एक काठी घेऊन राखणीला बसल्या होत्या. वरून कावळे यायचे आणि शेजारच्या भिंतीवरून शेळी.

"मोठ्या जहाजावर जागा असते," ते म्हणाले. "तिथं शेळीला वेगळी तोफ, कावळ्याला वेगळी. शेळी म्हणजे शत्रूचं जहाज. लांब असतं, हळू असतं, पण मारायला जड गोळा लागतो. कावळा म्हणजे विमान. त्याला हलका गोळा पुरतो, पण तोफ वर उचलून झटक्यात फिरवता आली पाहिजे, आणि एकामागून एक गोळे सुटले पाहिजेत. आपली जहाजं लहान. दोन प्रकारच्या तोफा बसवल्या तर वजनानं कलंडतील. म्हणून एकच काठी. जड केली तर कावळा उडून जातो, हलकी केली तर शेळी हटत नाही. कुठं थांबायचं, एवढंच ठरवायचं असतं."

"मग त्यात अवघड काय?" मी गणितवाल्याच्या तोऱ्यात म्हणालो.

तेवढ्यात दोन्हीकडून हल्ला झाला. मावशींनी कावळ्यावर काठी उगारली आणि शेळीनं कोपऱ्यातल्या कुरडया तोंडात घेतल्या. ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा तसा प्रश्न विचारला नाही.

मुंबईहून येणारं विमान चिकलठाण्याला उतरायचं, ते आमच्या गच्चीवरून दिसे. साहेबांनी लाकडाच्या तिवईवर दोन पट्ट्या ठोकून एक यंत्र केलं होतं. विमान दिसलं की ते पट्ट्यांमधून नेम धरून त्याच्यामागे वळत जायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत. एवढ्यात गोळा सुटला, एवढ्यात पोचला, लागला की नाही. बहुतेक वेळा खाली येऊन 'चुकला' असं जाहीर करायचे. निवृत्त माणसानं इतकं नित्यनेमानं अपयशी व्हावं याचं मला नवल वाटे.

पासष्टच्या लढाईत गल्लीत कुणीतरी पोलिसांत कळवलं, की एक म्हातारा गच्चीवरून विमानांना खुणा करतो. फौजदार आला. मावशी घाबरून देवापुढे बसल्या. साहेब मात्र इतके खूश झालेले मी क्वचितच पाहिले.

"तक्रार कुणाची?"

"ते सांगता येत नाही, साहेब."

"सांगू नका. पण त्यांना माझा सलाम कळवा. या गल्लीत एक तरी माणूस जागा आहे."

मग त्यांनी फौजदाराला गच्चीवर नेलं आणि त्याच्याकडून तासभर घारींवर नेम धरवून घेतला. तक्रार करणारे समोरचे वकील आहेत हे त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि त्यांच्याकडे गुलमंडीवरची इमरती पाठवली. वकिलांना त्या इमरतीचा संशय आला आणि त्यांनी ती खाल्ली नाही. हे कळल्यावर साहेबांचा त्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.

नौदलात त्यांचं नाव ज्या प्रकरणानं झालं ते त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं, एकदम सगळं सांगण्याइतका त्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता. नवी जहाजं यायची होती आणि त्यांच्यावरची तोफ निवडायला एका परदेशी कंपनीनं तिचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. विमानाच्या मागे लांब दोरीला कापडी नळा बांधतात आणि तोफेनं त्या कापडाला मारायचं असतं. विमान आलं. सरळ रेषेत, एका उंचीवर, एका चालीनं, वरातीतल्या घोड्यासारखं. तोफेनं कापडाच्या चिंध्या केल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, "या विमानाला येण्याची वेळ कुणी दिली?"

"आम्हीच, सर."

"आणि वाट?"

"तीही आम्हीच."

"शत्रू तुम्हाला विचारून निघणार आहे का?"

विमान जहाजाच्या अंगावर सरळ येऊ दे आणि शेवटी वळू दे, मग बघू, असा त्यांनी हट्ट धरला. ते धोक्याचं आहे म्हणून कुणी ऐकलं नाही. यांनी अहवालावर सही केली नाही. तोफ घेतलीच गेली. पुढे यांना बढती मिळाली नाही. ती सही न केल्यामुळे, की आणखी कशामुळे, याची तस्दीक त्यांना कधी करता आली नाही आणि ते शल्य त्यांना बढतीपेक्षा जास्त होतं.

लढाईनंतर काही वर्षांनी त्यांचा एक जुना हाताखालचा अधिकारी घरी आला. रत्नागिरीकडचा, आता चांगल्या हुद्द्यावर पोचलेला. हातात फळांची करंडी.

"वेरूळ पाहायला आलो होतो, सर. म्हटलं, इतकं आलोच आहे तर तुमचं दर्शन घ्यावं."

"छान. कैलास पाहिलं?"

"अप्रतिम."

"दारातून आत शिरल्यावर अगदी समोर काय दिसतं?"

पाहुणा घुटमळला. "देऊळ... म्हणजे, मोठं देऊळच."

"समोर गजलक्ष्मी आहे. आत जाणाऱ्याला ती चुकवताच येत नाही. तुम्ही वेरूळला गेला नाहीत. आता कशाला आलात ते बोला."

मी चहाचे कप गोळा करण्याच्या निमित्तानं उठत होतो, तर साहेबांनी मला बसवलं. साक्षीदार पाहिजे म्हणाले. अधिकारी बिचारा घाम पुसत खरं बोलला. एका जहाजावर नव्या तोफा बसवायच्या होत्या. दोन निवडी पुढे होत्या. एक मोठी, दोन नळ्यांची, जड गोळ्याची. तिच्या पोलादी घुमटात माणसं उभी राहून हातानं गोळे भरतात. दुसरी लहान, एका नळीची, हलक्या गोळ्याची. तिच्या घुमटात माणूसच नाही, खालून यंत्र गोळे चढवतं. समितीत दोन तट पडले होते. अधिकाऱ्याला साहेबांचं मत हवं होतं, खाजगीत.

"माझंच का?"

"तुम्ही विकत जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे, सर. आणि..." पाहुण्याला वाटलं आता गोड बोलावं, "तुमचे चिरंजीव त्याच जहाजावर आहेत. तोफेच्या घुमटाचे तेच प्रमुख. आपलं माणूस आहे म्हटल्यावर तुम्ही जीव लावून बघाल."

साहेबांचा एकुलता एक मुलगा नौदलात होता हे मला ठाऊक होतं, कोणत्या जहाजावर ते नव्हतं. फळांची करंडी साहेबांनी पाहुण्याबरोबर परत पाठवली. मग मला म्हणाले, "पाहिलंत? ज्याचा पोरगा घुमटात उभा राहतो त्याला विचारतात, माणसं आत असलेली तोफ घ्यावी की माणसं नसलेली. उत्तर आधी ठरवून मग माणूस शोधलाय."

"कदाचित खरंच तुमचं मत हवं असेल."

"कदाचित," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी जीभ पोळल्यासारखा उच्चारला.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घराची गोदी झाली. दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं त्यांनी भिंतीवर लावली. त्यातल्या एकाही आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मिनिटाला किती गोळे सुटतात ते छापलं होतं, त्यावर ते म्हणाले, "हा नाश्ता करून आलेल्या माणसाचा आकडा आहे. दमलेल्या माणसाचा कुठाय?"

तो काढायला बेगमपुऱ्याच्या तालमीतून तीन पहिलवान आले. अंगणातल्या लिंबाला मावशींचा झोपाळा होता, लांबरुंद फळीचा. साहेबांनी तो समुद्र ठरवला. तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून गोळे तयार झाले. एका पहिलवानानं हलत्या झोपाळ्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खालून डबा द्यायचा, पहिल्यानं तो डोक्याइतक्या उंच भिंतीवर ठेवायचा. विमानावर नेम धरला की तोफ वर तोंड करते आणि भरणाऱ्याचं काम अवघड होतं, म्हणून उंच भिंत. मी झोपाळा हलवायचा. तिसरा पहिलवान बदली.

सुरुवातीला गडी असे काही सरसर डबे चढवत होते की गल्ली टाळ्या वाजवू लागली. साहेब घड्याळाकडे बघतही नव्हते. दम लागायला लागला तेव्हा त्यांनी घड्याळ काढलं. हात जड झाले, झोपाळा पुढे यायच्या आधीच डबा उचलला जाऊ लागला, मग एक डबा निसटला आणि पहिलवानाच्या अंगठ्यावर आला.

"क्या साब," तो पाय धरून बसला, "नाश्ते को बुलाए बोले, और तोप में घुसा दिए!"

साहेबांनी त्याचा अंगठा मावशींच्या हवाली केला आणि दुसऱ्याला झोपाळ्यावर चढवलं.

लहान तोफेवरही त्यांनी तितकाच अविश्वास दाखवला. एका सरकीच्या कारखान्यात जाऊन ते दुपारभर यंत्रं बघत बसायचे, किती वेळा अडकतात आणि अडकली की कोण हात घालतं. हलका गोळा विमानाला लागायची शक्यता किती, याचं गणित त्यांनी करवून घेतलं. त्यातही अर्धं मला दिलं आणि अर्धं आमच्याच कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना. एकाच्या हाती सगळं असू नये म्हणून. आम्ही दोघं चहाच्या टपरीवर भेटून अर्धी अर्धी गणितं जुळवली आणि उत्तर घेऊन गेलो. आम्ही एकमेकांशी बोललो हे कळल्यावर त्यांनी दोघांची गणितं पुन्हा तपासली.

उत्तर तेच राहिलं. जेट विमानांपुढे मोठी तोफ वळून नेम धरेपर्यंत उशीर होत होता, आणि माणसं दमली की तो उशीर वाढत होता. लहान तोफेचा गोळा जहाजाला कमी पडत होता, तरी तोलून पाहिलं तर लहानच चांगली. मला ते सरळ दिसत होतं. पदार्थविज्ञानवाल्यांना दिसत होतं. मावशींनाही दिसत होतं, कारण भिंतीला कान असतात तसे स्वयंपाकघरालाही असतात.

"लहान तोफंत माणूसच बसत नाय ना रे?" त्यांनी मला पोळी वाढता वाढता विचारलं.

"नाही, मावशी. सगळे खाली असतात."

"आन् तीच चांगली निघाली?"

"हो."

"मग हे लिहीत का नाहीत?"

साहेब समोरच जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मला हवं होतं तेच उत्तर निघालं," ते म्हणाले. "माझ्या सोयीचं बोलणाऱ्या माणसाला मी कधी दारात उभं केलं नाही. हे उत्तर मी कसं घेऊ?"

"पोरगा आत नसावा असं वाटतंय, यात गुन्हा काय हो?"

"वाटण्यात नाही. तोलताना वाटण्यात आहे. काट्यावर माझं बोट नाही कशावरून?"

"बोट असलं तर असू द्या. काटा खोटा बोलत नाय ना? या पोरानं तपासलं, त्या दुसऱ्या मास्तरांनी तपासलं."

"त्यांना मी निवडलं."

मावशींनी पोळ्यांचा डबा आपटून ठेवला. "अहो, तुम्ही कुणी लबाड म्हणंल म्हणून मोठी तोफ लिहून मोकळे व्हाल. मी वळखते तुम्हाला. पण तुमच्या खरेपणाला माझं पोरगं आत उभं करू नका. एवढंच मागते. एवढ्या वर्षांत काय मागितलं सांगा."

त्या रडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज मी तसा पूर्वी कधी ऐकला नव्हता. साहेब हात धुवायला उठले. त्यांच्या पानात अर्धी पोळी तशीच राहिली होती, आणि पानात टाकणाऱ्याला ते नेहमी बोलत.

पुढचे काही दिवस ते एकटेच डबे भिंतीवर चढवून बघत होते, कुठेतरी मोठ्या तोफेच्या बाजूनं काही सापडतं का म्हणून. म्हातारा माणूस, वाळूचा डबा छातीशी धरून धापा टाकतोय. आपल्याला नको असलेल्या उत्तरासाठी इतके कष्ट घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दयाही यायची आणि त्या डब्यासकट त्यांना गदागदा हलवावंसंही वाटायचं.

मग एका दुपारी ते ट्रंककॉल करायला तार ऑफिसात गेले. संध्याकाळी जेवायला बसताना त्यांचा चेहरा मोकळा होता.

"कळवलं," ते म्हणाले. "लहान तोफ घ्या, असं सांगितलं."

मावशींनी हात जोडून देवाकडे बघितलं. ताबडतोब उठून त्यांनी शिरा करायला घेतला. तुपाचा वास घरभर सुटला. मीसुद्धा इतका खूश झालो की साहेबांचं अभिनंदन करून बसलो. शिरा पानात पडला तेव्हा ते पुढचं बोलले, अगदी सहज, एखादं राहिलेलं काम सांगावं तसं.

"आणि आपल्या बाळूला त्या जहाजावरून काढायला लावलं. माझं मत घ्यायचं तर आधी त्याची बदली करा, अशी अट घातली. आता माझ्या मतावर कुणाला बोट ठेवता येणार नाही."

मावशींच्या हातात चमचा होता. "कुठं बदली?"

"जुन्या जहाजावर."

"तिथं कोणती तोफ हाय?"

साहेबांनी उत्तर द्यायला वेळ लावला. बहुधा तो प्रश्न त्यांना तेव्हाच पडला असावा, किंवा आधीच पडला असून त्यांनी बाजूला ठेवला असावा. दोन्हींपैकी कशाचीही मला खात्री देता येत नाही.

"मोठी," ते म्हणाले. "माणसांची."

मावशींनी चमचा पातेल्यात ठेवला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या. मला त्या माणसाचा त्या क्षणी जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही. सगळ्या जगाला शंकेनं बघून झाल्यावर त्यांनी स्वतःकडे बघितलं, आणि आपण स्वच्छ आहोत एवढं सिद्ध करायला पोराला परत त्याच घुमटात नेऊन उभं केलं. आणि हे सांगताना ते खूश होते! समाधानानं त्यांनी शिरा खाल्ला. मी माझं पान तसंच ठेवून उठलो.

मावशी त्यानंतर त्यांच्याशी बोलत होत्या, पण जेवढ्यास तेवढं. जेवायला या. किल्ली कुठाय. दूधवाला आलाय. दूध त्या आता तपासायला त्यांच्यापुढे ठेवत नसत आणि तेही मागत नसत.

मग एक दिवस तार आली. सरावाच्या गोळीबारात मुलाचा उजवा हात तोफेत सापडला होता. जिवाला धोका नव्हता. साहेब आणि मावशी मुंबईला गेले आणि काही आठवड्यांनी त्याला घेऊन आले. उंच, सावळा, आईसारखा हसरा मुलगा. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. नौदलातली नोकरी आता खुर्चीवरची मिळाली तर मिळणार होती.

साहेबांनी त्याची उलटतपासणी सुरू केली. मला वाटतं, त्यांना कुणीतरी सापडायला हवं होतं. गोळा कुणी दिला? तो नवा होता का? गोळा आत ढकलायचा दांडा वेळेआधी सुटला का? गोळ्याला तेल लागलं होतं का? कोण दारू पिऊन आलं होतं? मुलगा प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर द्यायचा आणि शेवटी तेच सांगायचा.

"कुणाची चूक नाही, आबा. तोफ वर होती, सगळे दमलो होतो, आणि जहाज एकदम कललं. हात आत राहिला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी ते काही विचारायला आले नाहीत. दुपारी आम्ही सगळे पुढच्या खोलीत बसलो होतो. मावशी संत्रं सोलत होत्या. साहेब खिडकीशी उभे होते, तिथूनच, तोंड न वळवता बोलले.

"तुझी बदली मी करवली होती."

मावशींचे हात थांबले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना.

"माहीत आहे मला," मुलगा म्हणाला. "त्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग बोलला नाहीस?"

"आधी राग आला होता, आबा. सोबतचे हसले मला. नवी तोफ येतीय, यंत्राचा काय भरवसा, म्हणून बापानं पोराला जुन्या जहाजावर लपवला म्हणाले. मग मी विचार केला. तुम्ही आयुष्यात कुणासाठी शब्द टाकला नाही. भरतीच्या वेळी माझ्यासाठीसुद्धा नाही. आन् मी सुखरूप राहावं म्हणून तुम्ही फोन केला. हात गेला तो गेला. पण तेव्हापासून मला लई बरं वाटत होतं बघा. तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

साहेब वळले. त्यांचं तोंड उघडलं. चुकीचं विधान त्यांच्या घरात कधी तसंच उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि हे तर पोटच्या पोराचं, समोरासमोर केलेलं. "नाही, तसं..." एवढं ते म्हणाले.

"व्हय रे बाळा," मावशी म्हणाल्या. "त्यासाठीच केलं होतं त्यांनी. मला सांगून केलं."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. संत्र्याची फोड हातात धरून त्या मुलाकडेच बघत होत्या.

मुलानं वडलांकडे मान वळवली. "व्हय ना, आबा?"

साहेबांनी मावशींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मी जमिनीकडे बघायला लागलो.

"हो," ते म्हणाले.

मावशींनी ती फोड मुलाच्या डाव्या हातात ठेवली आणि दुसरी सोलायला घेतली.